वाहनाचा रोजनामा

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग मुंबईहून नागपुरास येऊन पोहोचला, तेव्हा त्याच्या कडेने तारायंत्राचे खांबही आले. आणि गाडी मागच्या स्थानकावरून केव्हा सुटली याची वर्दी पुढच्या स्थानकास तिचा धूर दिसण्यापूर्वीच मिळू लागली. रेल्वेचा सारा कारभार पुढे या वर्दीवरच उभा राहिला. सडकेवरील वाहनाच्या नशिबी मात्र हे सुख नव्हते. बैलगाडी असो की पुढच्या काळातील मालमोटार असो, शहराच्या नाक्याबाहेर पडली की ती मालकाच्या दृष्टीने बेपत्ताच होत असे. नागपूरच्या वेशीवरील वाडीच्या किंवा कापसीच्या ट्रान्सपोर्ट कचेरीत बिल्टी फाडून गाडी रवाना झाली, की मग कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने कितीही तगादा लावला, तरी 'गाडी रायपूर ओलांडून गेली असेल' यापलीकडे मुनिमाला काही सांगता येत नसे. आणि हे 'असेल' तो ज्या आत्मविश्वासाने सांगे, तो आत्मविश्वास हेच त्या धंद्याचे अर्धे भांडवल होते. एखाद्या ढाब्यावरून उस्तादाने, म्हणजे चालकाने, ट्रंक कॉल केला तर केला. नाही तर गाडी पोहोचल्याची पोच परत येईपर्यंत सगळेच अनुमान.

गेल्या वीसपंचवीस वर्षांत सडकेवरील या मुक्या वाहनास वाचा फुटली आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिऱ्याहून पारादीपकडे जाणारा महामार्ग ५३ हे दोन्ही नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम वाहतुकीचा फार मोठा प्रवाह या शहरास स्पर्श करून जातो. आणि त्या प्रवाहातील पुष्कळशी वाहने आज चालता चालता आपले स्थान, आपला वेग, आपल्या इंजिनाचे तापमान आणि आपल्या टाकीतील डिझेलची पातळी कोणास तरी, कोठे तरी, अहोरात्र कळवीत असतात. अशा वाहनांना 'कनेक्टेड व्हेइकल' असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही वर्दी कशी जाते, हे समजून घेणे कठीण नाही. ती कोणाकडे जाते आणि तिच्यातील कोणते पान वाचले जाते, हा प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा असून त्याची चर्चा फार थोडी होते.

आकाशातील उपग्रह आपल्या वाहनाकडे पाहत असतो, ही एक दृढमूल समजूत आहे, आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि 'मी अमुक ठिकाणी आहे व आता माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे' एवढीच घोषणा अखंड करीत राहतात; खाली ती कोण ऐकतो, याची त्यांना गंधवार्ताही नसते. ती घोषणा वाहनातील यंत्रापर्यंत यावयास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. त्या विलंबावरून अंतर, आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःचे स्थान व अचूक वेळ, यांचे गणित यंत्र जागच्या जागी सोडविते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या या संकेतांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात तीनशे मीटरची चूक होते. म्हणून उपग्रहांवर आण्विक घड्याळे बसविलेली असतात. शिवाय आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे ती घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाकाठी सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जात असल्यामुळे तेवढी दुरुस्तीही आधीच करून ठेवावी लागते. ती केली नसती, तर नागपूरच्या सीताबर्डीतील ऑटोरिक्षा एका दिवसात नकाशावर कित्येक किलोमीटर दूर निघून गेली असती. भारताने २०१३ पासून स्वतःची नाविक ही प्रणाली उभारावयास आरंभ केला. तिच्यातील काही घड्याळांनी दगा दिल्याने ती अद्याप निर्वेध नाही, आणि म्हणूनच आपल्याकडील यंत्रे नाविक व जीपीएस या दोन्हींचे संकेत एकत्र घेतात.

स्थान कळले, ते धाडावयाचे कसे? त्यासाठी त्याच लहानशा डबीत मोबाइलचे सिमकार्ड असते. अशा यंत्रांच्या सिमकार्डांना भारतात २०१८ पासून तेरा अंकी क्रमांक देण्यात येतात. म्हणजे दहा अंकी क्रमांक माणसांचे आणि तेरा अंकी यंत्रांचे, अशी दूरसंचार खात्याने निराळी वतने पाडून दिली आहेत. मनसरहून खवाशाकडे जाणाऱ्या पेंचच्या जंगलपट्ट्यासारख्या टापूत, जेथे वाघांना सडक ओलांडण्यासाठी महामार्गाखालून मार्ग ठेवले आहेत, तेथे मोबाइलचा संकेत क्षीण झाला तरी उपग्रहांचा संकेत येतच असतो. यंत्र तेवढ्या वेळची नोंद स्वतःजवळ साठवून ठेवते आणि संपर्क मिळताच थकलेली सारी वर्दी एकदम रुजू करते. वाहनाच्या अंतरंगाची वार्ता मात्र निराळ्या वाटेने येते. १९८६ साली बॉश या जर्मन कंपनीने मोटारीतील निरनिराळ्या नियंत्रकांनी एकाच तारेच्या जोडीवरून परस्परांशी बोलावे अशी 'कॅन' नावाची योजना मांडली. आज इंजिन, ब्रेक, गिअर यांचे संभाषण त्याच जोडीवरून चालते आणि यंत्र तेथे कान लावून बसते. भारतात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणविषयक बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या मालमोटारींत विद्युत्-नियंत्रकांची संख्या वाढली, आणि त्याबरोबर ऐकण्याजोगे संभाषणही.

सरकारी हुकुमाने हे यंत्र सार्वजनिक वाहनांत आले, त्याच्या मुळाशी एक अमानुष घटना आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत एका खासगी बसमध्ये घडलेल्या अत्याचारानंतर, फिरते वाहन हे गुन्ह्याचे फिरते स्थळ होऊ शकते हे शासनास उमगले. २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम दाखल झाला आणि प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण अनिवार्य ठरले. मुदतवाढी होत होत १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना तो नियम लागू झाला. तीनचाकी वाहने मात्र त्यातून वगळण्यात आली. पुढे २०२२ मध्ये घातक व ज्वालाग्राही माल नेणाऱ्या मालमोटारींनाही यंत्राची सक्ती झाली. यंत्र कसे असावे याचे मानक एआयएस-१४० या नावाने प्रसिद्ध आहे, आणि त्यातील एक तरतूद मोठी मार्मिक आहे: वाहनाच्या बॅटरीची तार कोणी तोडली, तर यंत्राने आपल्या अंगच्या लहान बॅटरीवर जिवंत राहून प्रथम त्या तोडण्याचीच खबर द्यावी. मनुष्यस्वभाव ओळखून लिहिलेले मानक म्हणतात ते हे.

नागपुरास त्या स्वभावाचा परिचय कोळसा आणि वाळू यांच्या निमित्ताने पुरेसा आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीचे मुख्यालय याच शहरात सिव्हिल लाइन्समध्ये असून खाणीतून निघालेला टिप्पर ठरलेल्या वाटेने ठरलेल्या ठिकाणीच जावा, यासाठी कोल इंडियाच्या कंपन्यांनी टिप्परांवर यंत्रे बसविली. नकाशावर वाटेच्या दोहों बाजूंनी एक अदृश्य कुंपण आखावयाचे आणि टिप्परने ते ओलांडले की कचेरीत इशारा व्हावयाचा, अशी ती 'जिओ-फेन्सिंग'ची पद्धत आहे. वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांच्या वाहनांनाही राज्याच्या महसूल खात्याने जीपीएस बंधनकारक केले आणि वाहतूक परवान्याची पावती त्याच्याशी निगडित केली. हेतू चांगला, परंतु यंत्र काढून दुसऱ्या वाहनावर ठेवले म्हणजे वाळू कान्हनच्या पात्रातून निघते एका वाटेने आणि तिची नोंद जाते दुसऱ्या वाटेने! यंत्र आपले स्थान सांगते, वाळूचे नव्हे, हा भेद महसूल खात्यापेक्षा वाळूवाल्यांच्या ध्यानात लवकर आला असावा.

खासगी गाडीमालकास या विद्येचा लाभ कोणता, हे थोडक्यात सांगता येते. गाडी उभी असताना टाकीतील पातळी एकाएकी खाली आली तर डिझेल कोणी तरी काढले. इंजिन तासन् तास नुसतेच धडधडत राहिले तर डिझेल व्यर्थ जळले. टायरमधील हवा उतरू लागली तर ४५ अंशांच्या वैशाखात तो फुटण्याआधी कळले. टाटा मोटर्सचे 'फ्लीट एज', अशोक लेलँडचे 'आय-अलर्ट' अशा सेवांच्या द्वारे आता कारखानदारच ही माहिती मालकाच्या भ्रमणध्वनीवर पुरवितो. अर्थात ती त्याच्याही दप्तरी जमा होते, आणि आपल्या हजारो गाड्यांचा कोणता भाग किती किलोमीटरांनंतर कुरकुरू लागतो याचे ज्ञान त्यास घरबसल्या मिळते. आपल्या देशात बहुसंख्य मालकांपाशी पाचांहून कमी गाड्या आहेत. अशा मालकाला आलेखांच्या या पसाऱ्यातून 'गाडी कुठे आहे' आणि 'डिझेल किती गेले' ही दोनच उत्तरे हवी असतात, आणि ती मिळाली की तो संतुष्ट असतो.

येथवरचा सारा उपयोग हिशेबाचा आणि पहाऱ्याचा झाला. त्याहून सर्वथा निराळा, आणि माझ्या मते या विद्येचा सर्वांत उदात्त, उपयोग नागपुरात २०२१ साली 'आय-रस्ते' या प्रकल्पाच्या रूपाने आरंभिला गेला. नागपूर महानगरपालिका, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, इंटेल आणि महिंद्रा यांनी एकत्र येऊन, मनपाच्या 'आपली बस' सेवेतील सुमारे दीडशे गाड्यांच्या पुढील काचेवर कॅमेऱ्याचे यंत्र बसविण्याची ती योजना होती. हा कॅमेरा पुढचे वाहन, पादचारी आणि रस्त्यावरील पट्टे ओळखतो. पुढच्या वाहनापासूनचे अंतर मीटरांत न मोजता 'याच वेगाने गेलो तर टक्कर होण्यास किती सेकंद उरले' अशा हिशेबाने मोजतो. आणि ते सेकंद धोक्याच्या मर्यादेखाली गेले की चालकास ध्वनीने सावध करतो. ब्रेक लावणारा चालकच, यंत्र केवळ त्याचे लक्ष वेधते. अशी साधने परदेशी मोटारींत होतीच. परंतु ती शिस्तबद्ध रस्त्यांसाठी घडलेली. आपल्याकडे एकाच रस्त्यावर बस, सायकल, हातगाडी, ई-रिक्षा आणि दुभाजकावर निवांत रवंथ करणारी गाय, असा सर्वधर्मसमभाव नांदतो, आणि त्यात हे यंत्र कितपत टिकते याची परीक्षा होणे अगत्याचे होते.

पण या योजनेचे खरे मर्म त्या ध्वनीत नाही, त्याच्या नोंदीत आहे. रस्त्यावरील धोक्याचे ठिकाण, ज्यास सरकारी भाषेत 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात, त्याची केंद्रीय परिवहन मंत्रालयाची व्याख्या अशी: महामार्गाच्या साधारण ५०० मीटर लांबीच्या तुकड्यावर तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले पाहिजेत, किंवा तेवढ्याच काळात दहा माणसे मेली पाहिजेत. म्हणजे सरकारी वहीत एखाद्या वळणाचे नाव चढावयास आधी माणसांनी प्राण द्यावयाचे, आणि ते देण्यासही तीन वर्षांची मुदत! आता दीडशे बसगाड्या दिवसभर त्याच त्या रस्त्यांवरून फिरत असता प्रत्येक इशाऱ्याचे स्थान आणि वेळ नोंदली जाऊ लागली, तर एखाद्या चौकापाशी, जेथे अद्याप अपघात घडलेला नाही, तेथेही रोज पुनःपुन्हा निरनिराळ्या चालकांना इशारे होत असल्याचे नकाशावर उमटू लागते. एकाच चालकास सर्वत्र इशारे होत असतील तर दोष चालकाचा. सर्व चालकांना एकाच जागी होत असतील तर दोष जागेचा. कोठे झाडाची फांदी सिग्नल झाकीत असेल, कोठे बसथांबा वळणाला अगदी लागून असेल, कोठे दुभाजकाची फट चुकीच्या ठिकाणी असेल. अशा जागांना या प्रकल्पात 'ग्रे स्पॉट' हे नाव दिले गेले, आणि त्या काळ्या होण्यापूर्वीच दुरुस्त कराव्या, हा त्यामागील विचार. बस ही या योजनेत प्रवासी वाहून नेणारी गाडी तर आहेच, शिवाय ती रस्त्याची फिरती पाहणीही आहे. अभियांत्रिकी खात्याने त्या पाहणीप्रमाणे फावडे हाती घेतले नाही, तर मात्र नकाशा कितीही सुंदर असला तरी त्याचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरताच.

याच नोंदीच्या दुसऱ्या पानाकडे वळू. १ जुलै २०२३ च्या पहाटे, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा त्याच्या जेमतेम सात महिने आधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला होता; ७०१ किलोमीटरचा पूर्ण महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन सिद्ध झाला. वळणे थोडी, अडथळे नाहीत, दृश्य तासन् तास तेच ते; अशा मार्गावर चालकाचे मन डोळे उघडे असतानाच मंद होत जाते. त्यावर उपाय म्हणून चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा निघाला आहे. पापण्या ठरावीक काळात किती वेळ मिटलेल्या राहतात याचे प्रमाण तो मोजतो आणि ते वाढले की ओरडतो. हे यंत्र वाईट नाही. परंतु चालकास झोप का येते, याचे उत्तर त्याच्या पापण्यांत शोधणे हे जरा विचित्रच म्हटले पाहिजे. ते उत्तर त्याच्या कामाच्या पाळीत आहे.

मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ सालचा; २०२५ साली नव्या श्रमसंहितेने त्याची जागा घेतली. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायात प्रौढ कामगारास सामान्यतः दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास यांहून अधिक काम देऊ नये, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असे तो सांगत असे. साठ वर्षे हा कायदा पुस्तकात सुखाने नांदला, कारण चालक चाकाशी किती तास होता याचा पुरावाच नसे. मालकाने लिहिलेली वही हाच पुरावा, आणि वहीत आठच तास. आता तो पुरावा आयता आहे. इंजिन केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, कोण चालवीत होता, सारे मिनिटामिनिटाने नोंदले जाते. असे असूनही त्या नोंदीतून वेगमर्यादेचे उल्लंघन, आकस्मिक ब्रेक, वाकडी वाट आणि घटलेले डिझेल यांचे अहवाल रोज निघतात. पाच तासांची मर्यादा कोणी ओलांडावयास लावली, याचा अहवाल मागणारा अधिकारी मला तरी ठाऊक नाही. नोंद एकच, तिचा चालकाविरुद्धचा रकाना वाचला जातो, त्याच्या बाजूचा रकाना कोरा समजला जातो.

भाड्याच्या मोटारींच्या धंद्यात हा विषमपणा अधिकच उघडा पडतो, कारण तेथे संपूर्ण व्यवहारच या नोंदीवर चालतो. ग्राहक कोठे, मोटार कोठे, भाडे किती आणि ते कोणाला द्यावयाचे हे दूरचा संगणक ठरवितो. २६ मे २०१७ रोजी ओला कंपनीने नागपुरातच, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत, सुमारे दोनशे विद्युत् वाहनांचा प्रयोग सुरू केला. अशा वाहनांत स्थानाबरोबर बॅटरीत उरलेली शक्तीही कळत असते. ती कुठे संपेल आणि कुठे भरावी, याचे उत्तम गणित मांडता येते. परंतु गणिताने चार्जर निर्माण होत नाहीत. चार्जिंगच्या ठिकाणी रांगा लागल्या, रांगेत गेलेल्या तासांचे भाडे बुडाले, आणि वर्षाच्या आत काही चालकांनी विद्युत् मोटारी परत करून पुन्हा डिझेलचा आश्रय घेतल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. चालकाने गमावलेले तास संगणकास अवश्य माहीत असतात. ते तास भाड्याच्या हिशेबात मात्र येत नाहीत.

आणि वाहनापुरतेच हे राहिले आहे असे नाही. याच नागपुरात महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. घरी गेल्यावरही ते घड्याळ आपल्यावर लक्ष ठेवील की काय, हा कामगारांचा प्रश्न होता, आणि तो अडाणीपणाचा खासच नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम झाला. आणि त्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचली तर चमत्कारिक निष्पत्ती दिसते. सातवे कलम म्हणते की नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकास नुकसानीपासून वाचविण्यासाठी कर्मचाऱ्याच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरता येईल. अकरावे कलम आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क देते. पण ज्याला आपण संमती दिली, त्याच्याकडूनच. म्हणजे ज्या चालकास संमती विचारलीच नाही, त्यास गोषवारा मागण्याची सोयही नाही.

शेतकऱ्याने तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्याचा उतारा मागितला, तर 'तुझ्या जमिनीची नोंद तुला कशाला हवी' असे त्यास कोणी विचारीत नाही. चालकाच्या श्रमाच्या नोंदीस तेवढाच मान मिळावा, यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. बस चालविणाऱ्या ठेकेदारांच्या करारनाम्यात महानगरपालिका, आणि खासगी प्रवासी बसच्या परवान्यात परिवहन खाते, एक अट घालू शकते: यंत्राने नोंदलेल्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांची नक्कल प्रत्येक चालकास दरमहा विनामूल्य द्यावी, आणि तिचीच दुसरी प्रत कामगार आयुक्तांच्या कचेरीत दाखल करावी. 'आय-रस्ते'च्या निमित्ताने नागपूरने रस्त्याचे दोष चालकाच्या माथी न मारता नकाशावर मांडावयास आरंभ केला. ही अटही नागपूरनेच प्रथम घालावी.